सुरकुतीची सुट्टी

"लिहायचं तर लिही, पण माझी देवी करू नकोस," सुरकुती मला म्हणाली. "तुम्हा चळवळवाल्यांना म्हातारी बाई दिसली की तिची देवी करायची खाज सुटते."

खाज सुटते, हे खरं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. ही हयातभर हॉटेलच्या खोल्या आवरलेल्या एका बाईची हकीकत आहे, आणि तिला मिळालेल्या एकुलत्या एका सुट्टीची. देवीबिवी कुणी नाही हिच्यात.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहू दे. आम्ही सगळ्या तिला सुरकुती म्हणायचो. कारण चादरीवर एक सुरकुती दिसली की हिला चैन पडायचं नाही. पाहुणा दारात येऊन उभा राहो नाहीतर जिन्यात आग लागो, ही आधी तळहाताने ती सुरकुती गादीच्या कडेपर्यंत ढकलत नेणार आणि तिथून खाली पाडणार. आता तिच्या तोंडावरच जाळं झालंय आणि नवीन पोरींना वाटतं, नाव त्यावरून पडलं. ती कुणाची समजूत काढत बसत नाही.

नवरा लॉरीवर होता. घरी कमी, रस्त्यावर जास्त. एका वळणावर तो गेला तेव्हा लेक शाळेत जायला लागली होती नुकती. सुरकुती रडली किती ते कुणी पाहिलं नाही, कारण ती कामावर आली होती. मी त्याच हॉटेलच्या मोरीत भांडी घासायची. वाचायला मी तिथेच शिकले, डबे गुंडाळून आलेल्या कागदांवर. भांडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या हॉटेलात एका बाईने एका पाळीत किती खोल्या उरकायच्या, हे ठरवणारा माणूस आयुष्यात कधी गादीपुढे वाकलेला नव्हता. आकडा चढत जायचा, बायका वाकत जायच्या. अशात एक नवीन पोरगी आली. हाताला पंख होते तिच्या. स्वतःचं उरकून दुसरीच्या खोल्यांत घुसायची, मदत म्हणून. साहेबांनी बघितलं, वेळ उरतोय. सगळ्यांचा आकडा वाढला. सुरकुतीने त्या पोरीला चादरींच्या कोठीत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "तू चांगली आहेस गं. पण तुझी चपळाई आमच्या मणक्यात शिरते. एकीने आज फुकट केलेलं काम उद्या सगळ्यांच्या गळ्यात पडतं."

पोरगी रडली. पुढे संप झाला तेव्हा बादल्या पालथ्या घालून कॉरिडॉरमध्ये बसलेल्या बायकांत सगळ्यात पुढे तीच होती, आणि तिला पुढे बसवणारी सुरकुती होती. आकडा खाली आला. सुरकुतीचं ते वाक्य मी पुढे कितीतरी सभांत वापरलं, टाळ्या घेतल्या. ते तिचं होतं, हे इथे लिहून ठेवते.

ती कामावरून कायमची उतरली तेव्हा लेकीने तिला बोटीची सफर काढून दिली. लेक ऑफिसात जाते, आईवर जीव टाकते आणि आईला ओरडते. लहानपणी संध्याकाळी आईच्या मनगटांना तेल चोळायचं काम तिच्याकडे असायचं, त्यामुळे तिला ती मनगटं तोंडपाठ आहेत.

"आई, तिथे फक्त बसायचं," लेक म्हणाली. "कुणी चहा आणून दिला की प्यायचा. कशालाही हात लावायचा नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? बसण्यात कसलं आलंय कसब?"

"मावशी, तू जा हिच्याबरोबर," लेक माझ्याकडे वळली. "आणि हिच्यावर लक्ष ठेव."

"आणि हिच्यावर कोण ठेवणार?" सुरकुती म्हणाली. "ही कप्तानाशी भांडून बोट परत फिरवेल."

अशा आम्ही दोघी निघालो.

जाहिरातीत दिसतो तसला तरंगता बाजार डोळ्यांपुढे आणू नका. ही बोट जुनी होती, बुटकी, एका धुराड्याची. रंगावर रंग इतके चढलेले की स्क्रूंची डोकी बुजून गेलेली. पितळी कठडे हातांनी झिजून मऊ झालेले. प्रत्येक केबिनला उंच उंबरा. पहिल्या दिवशी जो तो तिथे ठेचकाळला आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याला हसायला लागला. जेवायचा हॉल एकच, त्यात टेबलावरच्या ग्लासातलं पाणी इंजिनाबरोबर सारखं थरथरायचं. पोहायचा तलाव होता, पण त्यात दोन जाडी माणसं उतरली की तिसऱ्याने काठावर वाट बघायची. नवीन मोठ्या बोटी आल्यापासून हिच्याकडे कोण फिरकतंय? निम्म्या केबिनी रिकाम्या. जी आली होती ती आमच्यासारखीच, पांढऱ्या केसांची, हळू चालणारी माणसं.

आमची केबिन खालच्या मजल्यावर. शेजारी दोन मास्तरीणबाई, सख्ख्या बहिणी, दोघी निवृत्त, धाकटीला अजून थोरलीला विचारल्याशिवाय पाणी पिता यायचं नाही. समोर एक पोस्टमास्तर, बायको गेलेली. तो दरवर्षी याच बोटीवर यायचा. "भंगारात आधी ही जाते का मी, एवढंच बघायचं राहिलंय," असं तो पहिल्याच जेवणाला सगळ्यांना ऐकवून मोकळा झाला.

पहिल्या सकाळी मी वर जाऊन चहा पिऊन आले, तर दोन्ही बिछाने घातलेले. चादरी अशा ताणलेल्या की वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं.

"लेकीला काय शब्द दिलास?" मी विचारलं.

"बिछाना आवरणं हे काय काम आहे? ते तोंड धुण्यासारखं."

तेवढ्यात केबिनवाली आली. आमच्या कॉरिडॉरच्या सगळ्या केबिनी तिच्याकडे. सुरकुतीच्या लेकीच्या वयाची असेल. तिने उंबऱ्यातूनच बिछाने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, माझ्याआधी दुसरं कुणी येऊन गेलं का?"

"मीच गेले येऊन," सुरकुती हसली. "मीही हेच करायची, हॉटेलात. ये, बस जरा. पाय बघ केवढे सुजलेत तुझे."

ती बसली, पण स्टुलाच्या कडेवर, कुणी हाक मारली तर उठायला तयार. बोलता बोलता कळलं. मुलगा तिच्या आईकडे असतो. बोटीवर तिला चिकटवून दिलं ते तिच्या मैत्रिणीने, वरच्या मजल्याच्या केबिनवालीने. दोघी बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारच्या खोपट्यात झोपतात. खालच्या फळीवर वरच्या मजल्याची आणि वरच्या फळीवर खालच्या मजल्याची, असा त्यांचा आपसातला विनोद होता. त्या वरचीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर सगळं तिच्यावर.

"आणि मॅडम काय म्हणतेस? मावशी म्हण," सुरकुती म्हणाली.

"हो मॅडम," ती म्हणाली, आणि जीभ चावून हसली.

ती गेल्यावर सुरकुतीच्या डोळ्यांत ती चमक आली. संपाच्या दिवसांत यायची ती. मी ओळखलं, आता ही बसायची नाही.

तिने अख्खा कॉरिडॉर पालथा घातला. दार वाजवायचं, आत शिरायचं, बिछान्याकडे बोट दाखवायचं. "ती बाई दिवसभर वाकून वाकून मोडते हो. आपापला बिछाना आपण घातला, टॉवेल वाळत टाकून पुन्हा वापरला, तर आपलं काय झिजतंय?" मास्तरीणबाईंना पटवायला काही लागलंच नाही. थोरली म्हणाली, "आम्ही तर लाजेनेच घालत नव्हतो, इथली रीत नसेल म्हणून." पोस्टमास्तरला बिछाना घालता येत नव्हता. सुरकुतीने त्याला चादरीचा कोपरा गादीखाली कसा मोडायचा ते दाखवलं, त्याने चुकवलं, तिने उपसून काढलं, पुन्हा करायला लावलं.

"बायको गेल्यापासून कुणी इतकं रागावलं नव्हतं मला," तो म्हणाला. त्याला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळा कॉरिडॉर चकाचक. चादरी तशाच, टॉवेल कठड्यावर वाळताहेत, कचऱ्याचे डबेसुद्धा माणसांनी स्वतः बाहेर आणून ठेवलेले. केबिनवाली सकाळीच मोकळी झाली. मागच्या डेकवर, दोरांच्या भेंडोळ्यावर ती पाय लांब करून समुद्राकडे बघत बसलेली आम्हाला दिसली. सुरकुतीने मला कोपराने ढोसलं. "बघ. सुट्टी कुणाची चाललीय?" त्या दिवशी ती पोटभर जेवली, डेकवरच्या आरामखुर्चीत घोरलीसुद्धा. तिला घोरताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी केबिनवालीचा पत्ता नाही. आली ती घामाने निथळत, केस कपाळाला चिकटलेले.

"अगं, आज इतका उशीर? आमच्याकडे तुला काम तरी काय उरलंय?" सुरकुतीने विचारलं.

"तेच ना," ती म्हणाली. "काम उरलं नाही."

तिने दार ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. सगळ्या मजल्यांवरच्या मळक्या चादरी-टॉवेलांच्या थैल्या दुपारी जिन्याच्या तोंडाशी येतात. तिथून त्या खाली धुलाईला जातात. केबिनवाल्यांचा मुकादम येतो आणि थैल्या पायाने ढकलून बघतो. जड असली तर बाई कामात आहे. हलकी असली तर बाई रिकामी आहे. तिची थैली दोन दिवस फुग्यासारखी हलकी. मुकादम म्हणाला, तुझ्या मजल्यावरची माणसं पोहत घरी गेली का? आज त्याने वरचा मजलाही तिच्याच अंगावर टाकला.

"आणि वरची?" सुरकुतीने विचारलं.

"वरची जास्त झाली. परवा सकाळी बंदर आहे, तिथे उतरवणार."

"कशामुळे?" सुरकुतीला कळलं होतं. तरी तिने विचारलं.

"तुमच्यामुळे, मावशी."

इंजिनाची घरघर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. सुरकुती बिछान्यावर बसायला गेली आणि मध्येच थांबली, जणू त्या ताणलेल्या चादरीवर बसायचा हक्क राहिला नाही.

"मग पहिल्याच दिवशी का नाही थांबवलंस मला?"

"पाहुण्याला कसं थांबवायचं?" मग तिने मान खाली घातली. "आणि बरं वाटलं होतं. पाठ टेकता आली. मला वाटलं, दोन दिवसांनी काय होतंय."

मी उठले. माझं डोकं आधीच फिरलं होतं. कुठे बसतो तो मुकादम, म्हटलं, दाखव मला. केबिनवाली दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नको. तुम्ही भांडाल आणि आठवड्याने घरी जाल. मी इथेच आहे. प्रवाशांना आपल्या गाद्या आपण घालाव्या लागल्या, अशी ओरड झाली तर नाव कुणाचं लागेल? माझंच ना? आधी ती जाईल, मग मी."

मी माझ्या हयातीत मालकांच्या केबिनींची दारं लाथेने उघडलीयत. त्या बारीक बाईने अडवलेलं दार मला उघडता आलं नाही. कारण ती खरं बोलत होती.

सुरकुती खिडकीपाशी गेली. ती गोल खिडकी जीवरक्षक होडीने निम्मी झाकलेली, त्यातून समुद्राची एक फाक दिसायची. पाठमोरीच म्हणाली, "परवा सकाळी ना? मग उद्याचा दिवस आहे हातात."

संध्याकाळच्या चहाला आमच्या कॉरिडॉरची माणसं डेकवर खुर्च्या टाकून बसली होती. सुरकुती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी तिला हजार बायकांपुढे बोलताना ऐकलंय. तेव्हा तिचा आवाज असा खाली नसायचा.

"मी चुकले," ती म्हणाली. "उद्या कुणी बिछाना घालायचा नाही. चादरी चुरगळा. टॉवेल जमिनीवर टाका. दिवसातून दोनदा नवे मागा."

"काल एक, आज दुसरंच!" थोरल्या मास्तरीणबाई कडाडल्या. "आम्हाला काय तुमच्या वर्गातली पोरं समजलात?"

सुरकुतीने त्यांना सगळं सांगितलं. थैली, पाय, मुकादम, वरची. स्वतःला कुठेही झाकलं नाही. "आणि हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या एका पोरीला मीच शिकवलं होतं. तेव्हा मी वाकणारी होते म्हणून दिसलं. इथे पाहुणी झाले आणि विसरले."

पोस्टमास्तरने कप खाली ठेवला. "म्हणजे आता मी घाण करायची? ते मला बिछान्यापेक्षा चांगलं जमतं." एक दोघं हसली. सुरकुती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉरिडॉरने इमानदारीने घाण केली. पोस्टमास्तरने सकाळीच चादरीवर कॉफी सांडली, नवी मागवली आणि तिच्यावर जॅम सांडला. धाकट्या मास्तरीणबाईंनी थोरलीला न विचारता उशांचे अभ्रे ओढून काढले. थोरलीच्याने काही होईना. तिने टॉवेल जमिनीवर टाकला खरा, पण घडी घालून.

आणि सुरकुती. ती ऊन वर येईपर्यंत अंथरुणात पडून राहिली. झोप नव्हतीच. डोळे छताकडे लावून, आजारी माणसासारखी. मग उठली, चादर पायाने ढकलून दिली, टॉवेल खाली टाकले आणि खुर्चीत जाऊन बसली. मी म्हटलं, चल, वर जाऊ, ती येऊन करून जाईल. "नाही," ती म्हणाली. "मी बसणार."

केबिनवाली आली. आमच्याकडे न बघता कामाला लागली. टॉवेल उचलायला गुडघ्यावर बसली. पलंग भिंतीत ठोकलेले, मधली जागा हातभर, त्यामुळे पलीकडचा कोपरा मोडायला तिला अंग पिळून आत शिरावं लागत होतं. कपडे पाठीला चिकटले होते, आत मणके एकेक दिसत होते. श्वास तोंडाने चालला होता. सुरकुतीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. एकदा ती पुढे झुकली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती मागे झाली.

हॉटेलात ती नेहमी त्या बाजूला असायची. खुर्चीच्या बाजूने हे कसं दिसतं, ते तिने त्या दिवशी पाहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मान न वळवता.

केबिनवाली थैली ओढत गेली, तेव्हा सुरकुती म्हणाली, "पाहुण्यांना हे असं दिसायचं तर. आणि तरी ते पेपर वाचत बसायचे."

"पेपर वाचत बसायचे म्हणून दिसायचं नाही," मी म्हटलं.

"तू भाषण करू नकोस गं," ती म्हणाली.

दुपारी मी जिन्याच्या वरच्या वळणावर उभी राहिले. थैल्या आल्या. आमच्या कॉरिडॉरची थैली गच्च फुगलेली, तोंड बांधता येत नव्हतं. वरच्या मजल्याचीही तशीच. मुकादम आला. राक्षसबिक्षस काही नव्हता, टक्कल पडलेला, दमलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडलेला माणूस. त्याने थैलीला पाय लावला. थैली हलली नाही.

"अरे वा," तो केबिनवालीला म्हणाला. "दोन्ही मजले, आणि इतकं सगळं, तेही वेळेत. मी म्हणत होतोच, एकटीला झेपतंय की तुला."

आणि तो पुढे गेला.

एवढंच झालं. आम्ही थैली हलकी केली तेव्हा एक बाई जास्त ठरली. जड केली तेव्हा एक बाई पुरते हे ठरलं. त्यांच्या तराजूचं कुठलंही पारडं दाबा, खाली बाईच जाते. हे मला सभेत सांगता आलं असतं. खाली जाऊन सुरकुतीला कसं सांगायचं, ते कळेना. तिने माझं तोंड बघितलं आणि विचारलंच नाही. संध्याकाळी ती जेवायला आली नाही. मी ब्रेड आणि सूप केबिनमध्ये आणलं. सूप थंड झालं, त्यात इंजिनाच्या लाटा उठत राहिल्या.

सकाळी बोट धक्क्याला लागली. प्रवाशांना पुढची शिडी, कामगारांना मागची. माणसं टोप्या-चष्मे घालून गाव बघायला उतरत होती. सुरकुती सगळ्यांत आधी उतरली आणि उलट्या दिशेने, मागच्या शिडीकडे चालायला लागली. मी तिच्यामागे.

वरची उतरत होती. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. उंच, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. एक चाकांची बॅग, तिचं एक चाक तुटलेलं, त्यामुळे ती बॅग अर्धी ओढत, अर्धी उचलत होती. वर कठड्याशी आमची केबिनवाली उभी होती. हात हलवत नव्हती. नुसती उभी.

"ऐक ना बाई," सुरकुतीने तिला गाठलं. "मी खालच्या मजल्यावरची. ते बिछाने..."

"माहीत आहे," वरची म्हणाली. "तिने सांगितलं."

"माझी चूक झाली."

वरची थांबली. तिने सुरकुतीकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीही खोल्याच करायचात ना?"

"हो."

"बरीच वर्षं?"

"हयातभर."

वरचीची नजर सुरकुतीच्या हातांवर गेली. फुगलेली पेरं, वाकलेली करंगळी. असे हात कुणाचे असतात ते तिला कुणी सांगायला नको होतं. ती हातांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली,

"मग?"

साहेबांना, वकिलांना, पोलिसांना तोंडावर उत्तर देणारी बाई. सुरकुती वाकली आणि तिने बॅगेच्या कडीला हात घातला.

"राहू द्या," वरची म्हणाली. "हात नका लावू."

सुरकुतीने कडी सोडली.

धक्क्याच्या टोकाला बस उभी होती. वरची तिथपर्यंत ती बॅग ओढत, उचलत गेली. वाटेत तिने एकदा हात बदलला. ड्रायव्हरने उतरून बॅग आत टाकली. बस गेली. कुठली बस, कुठे जाते, आम्ही विचारलंही नाही. गाव बघायला गेलेली माणसं परत यायला लागेपर्यंत सुरकुती धक्क्यावरच्या एका लोखंडी खुंट्यावर बसून होती. मीही उभी होते.

भोंगा वाजला. आम्ही वर गेलो.

केबिनचं दार उघडं होतं. केबिनवाली आत काम करत होती. आम्हाला बघून ती भिंतीला सरकली, वाट दिली.

"गेली ती," सुरकुती म्हणाली.

"बघितलं, मॅडम."

मॅडम. सुरकुतीने मान हलवली, ऐकलं म्हणून. मावशी म्हण असं ती पुन्हा म्हणाली नाही. माफी मागून तिचा वेळही घेतला नाही. तिच्यापुढे अजून दोन मजले पडले होते.

सुरकुती उंबरा ओलांडून आत आली, खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही पाय वर घेतले. केबिनवालीने खुर्चीखालून झाडू फिरवला. कचरा ओढून बाहेर काढला. तरी सुरकुतीने पाय खाली टेकवले नाहीत. तिचं झाडून होईपर्यंत ते तसेच अधांतरी धरून ठेवले. मांड्या थरथरत होत्या.